डाव्या हाताचा दिवा

“दोन तास तो माणूस विहीर खणतो आणि शेवटपर्यंत पाण्याचा थेंब दिसत नाही,” घोरपडे वकील म्हणाले. “हे पाहायला मी घरची मटारची उसळ सोडून आलो. माझे मत एवढेच.”

“वकीलसाहेब, तुमची पाळी अजून आलेली नाही,” मी म्हणालो.

“पाळी येईपर्यंत उसळीचा राग निवळतो, शास्त्रीबुवा. मत ताजे असतानाच दिलेले बरे.”

सगळे हसले. कराडच्या आमच्या चित्रदर्शन मंडळात बोलण्याचा एक नेम होता. दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी, वाचनालयाच्या सभागृहाच्या खिडक्यांना काळी कापडे लावून, आम्ही एखादा चित्रपट पाहत असू. तो संपला की खुर्च्या गोल मांडायच्या आणि वयाने सर्वांत लहान असेल त्याने आधी बोलायचे, थोरांनी मागाहून. थोर आधी बोलले की धाकट्यांना बोलण्यासारखे काही उरत नाही, हे मी माझ्या पाठशाळेच्या दिवसांत पुरते अनुभवले होते. मी गावातल्या महाविद्यालयात संस्कृत शिकवीत असे. संस्कृतचा मास्तर सिनेमाच्या मंडळाचा अध्यक्ष कसा, असे पुष्कळ जण विचारीत. जिथे अंधारात बसून एकाग्र चित्ताने पाहायचे असते तिथे मला परके वाटत नाही, एवढेच मी सांगत असे.

त्या रविवारी आम्ही एक कानडी चित्रपट पाहिला होता. वकिलांच्या मागून लाटकरबाई बोलल्या. बाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवीत. पन्नाशीला टेकलेल्या, सडपातळ, बोटांच्या पेरांत नेहमी रंग अडकलेला. त्या मोजके बोलत, पण बोलू लागल्या की लोक खुर्ची पुढे ओढत.

“पाणी लागले नाही असे वकीलसाहेब म्हणतात,” बाई म्हणाल्या. “शेवटच्या प्रसंगात त्याची बायको घागर घेऊन दारातून आत जाते. तिच्या पाठीवरचे लुगडे ओले आहे. पाणी लागले की नाही ते दिग्दर्शक त्याला सांगत नाही, आपल्याला सांगतो.”

वकील म्हणाले, “घामाने ओले असेल.”

“घाम असा एका खांद्यावरून ओघळत नाही.”

“बाई, तुम्ही साक्षीदार म्हणून आलात तर मी उलटतपासणी घेणार नाही,” वकील म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला.

मंडळाचा आणखी एक नेम होता. वर्षातून एकदा एका सभासदाने आपला सर्वांत आवडता चित्रपट सांगायचा. मंडळाने तो कुठूनही मिळवून दाखवायचा, आणि त्या दिवशी वयाचा क्रम बाजूला ठेवून त्या सभासदाने शेवटी बोलायचे. आदल्या वर्षी माझी पाळी होती. मी एक जुना पौराणिक चित्रपट निवडला होता, त्यात देव एकदाही दिसत नाही, फक्त त्याला पाहणाऱ्यांचे चेहरे दिसतात. या वर्षी पाळी लाटकरबाईंची होती.

“कोणता चित्रपट, बाई?” रतिभाईंनी विचारले. रतिभाई शहांचे कापडाचे दुकान होते आणि मंडळाचे प्रोजेक्टर यंत्र त्यांच्या मालकीचे. ते यंत्र दुसऱ्या कोणाच्या हाती देण्यापेक्षा त्यांनी दुकान दिले असते.

“‘गृहदीपा’,” बाई म्हणाल्या. “मी सहा वर्षांची असताना म्हसवडच्या जत्रेत तंबूत पाहिला. पुन्हा कधी पाहायला मिळाला नाही. पण माझा आवडता विचाराल तर तोच. त्यानंतर पाहिलेले सगळे चित्रपट मी त्याच्या शेजारी ठेवून पाहिले.”

“मी पाहिलाय तो,” वकील म्हणाले. “साताऱ्याला, थेटरात. बारा-तेरा वर्षांचा असेन. नदीला पूर येतो आणि सून दिवा घेऊन घाटावर जाऊन उभी राहते, तोच ना?”

बाईंचा चेहरा उजळला. त्या चित्रपटाविषयी बोलणारा माणूस त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच भेटला असावा.

“तोच. नवरा नावेतून परत येत असतो. वादळ सुटलेले, गावातले सगळे दिवे विझलेले. ती समई लावते, उजव्या हाताचा आडोसा धरते आणि डाव्या हातात समई घेऊन पावसात उतरते. सगळ्या चित्रपटात ती डाव्या हातानेच सारे करते. डाव्या हाताने वाढते, डाव्या हाताने देवाला फूल वाहते, आणि घरात तिला कोणी बोलत नाही. सासरा तिच्या डाव्या हातून तीर्थ घेतो.”

“थांबा,” वकील म्हणाले. “ती सून डावखुरी नव्हती.”

“होती.”

“अहो, सासरा शास्त्री दाखवलाय. तो डाव्या हाताचे तीर्थ घेईल? का हो शास्त्रीबुवा, तुम्ही घ्याल?”

उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. देवकार्यात उजवा हात, हे मीच वर्गात शिकवीत असे.

“म्हणूनच तर तो चित्रपट मोठा,” बाई म्हणाल्या. “पदरही ती उजव्या खांद्यावर घेते, गुजराती पद्धतीने.”

“म्हणजे आमच्याकडची मुलगी,” रतिभाई खूश होऊन म्हणाले.

“मराठी शास्त्र्याच्या घरात गुजराती सून? त्या काळात?” वकील आता खरोखरीच न्यायालयात उभे राहिले होते. “बरे, मला सांगा, सासरा कोणत्या हाताने जेवत होता?”

“मी त्याच्याकडे पाहिले नाही. मी तिचे हात पाहत होते.”

“बाई, तुमच्याविषयी आदर आहे म्हणून सांगतो. तुम्ही स्वतः डावखुऱ्या. सहा वर्षांच्या पोरीने आपल्या मनातले पडद्यावर पाहिले आणि पन्नाशीपर्यंत जपले. चित्रपट तुम्हीच रचलात.”

हे वकील तिरस्काराने बोलले नव्हते, पण लाटकरबाईंच्या मानेवरची शीर ताठ झाली.

“चित्रपट मिळवा,” त्या म्हणाल्या. “त्यात ती बाई डावखुरी नसेल, तर या मंडळात मी पुन्हा कधी मत मांडणार नाही. जे नव्हते ते इतकी वर्षे पाहत आले असेन, तर माझ्या पाहण्याला काय किंमत?”

“असा पण कशाला लावता?” मी म्हणालो.

“लावला, सर,” त्या शांतपणे म्हणाल्या.

या घटनेला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या दिवशी सभागृहातून बाहेर पडताना ‘गृहदीपा’ मिळू नये असे मला मनापासून वाटले होते, हे स्पष्ट आठवते. पण रतिभाईंना एखादी गोष्ट मिळवायला सांगावी आणि ती मिळू नये, असे घडत नसे. कोल्हापुरात एका निवृत्त वितरकाच्या माळ्यावर त्याची लहान आकाराची प्रत निघाली. पौष महिन्यात एका शनिवारी दुपारी रतिभाई डबे घेऊन आले. रिळे जुनी होती, कुठे तुटतील सांगता येत नव्हते, म्हणून ती आम्ही दोघांनी आधी लावून पाहायचे ठरवले.

पहिल्याच रिळात ती सून ओसरीवर आली. तिचा पदर डाव्या खांद्यावर होता. तिने सासऱ्याच्या ओंजळीत तीर्थ घातले ते उजव्या हाताने. आम्ही पुढे पाहत राहिलो. पूर, विझलेले दिवे, पावसात उतरणारी ती, सगळे बाईंनी सांगितले तसेच होते. नावाड्याच्या हाकेचा ओलसर घोगरा आवाज देखील त्यांनी एकदा करून दाखवला होता तसाच. समई मात्र उजव्या हातात होती आणि आडोसा डाव्या हाताचा.

रतिभाईंनी यंत्र थांबवले.

“शास्त्रीजी, रीळ तुटले म्हणून सांगू का? उद्या दुसरे काहीतरी लावतो.”

“नको.”

“बाई आल्या नाहीत तर मंडळात राहिले काय? मी आणि वकील. मी यंत्राकडे बघणार आणि वकील घड्याळाकडे.”

“मी त्यांना जाऊन सांगतो,” मी म्हणालो. “चार लोकांत कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.”

बाईंचे घर सोमवार पेठेत होते. त्या अंगणात शाळेच्या संमेलनासाठी मोठा पडदा रंगवत बसल्या होत्या. डाव्या हातातला कुंचला कापडावरून जात होता आणि त्याच्यामागून डोंगराची कड उमटत होती. त्या हाताची चाल पाहिली की तो हात मुळी दुसरा कुठला असू शकेल असे वाटत नसे. मी पायरीवर बसलो आणि पाहिले ते सांगितले. लपवण्यासारखे काही नव्हते.

कुंचला थांबला नाही. “पदर?”

“डाव्या खांद्यावर.”

“तीर्थ?”

“उजव्या हाताने.”

मग मात्र त्यांनी कुंचला पाण्यात ठेवला.

“सर, लहानपणी माझा हा हात बांधून ठेवीत,” त्या म्हणाल्या. “लुगड्याची चिंधी घेऊन मनगट कमरेशी बांधायचे. सकाळी उठल्यापासून. काकू बांधायची, ती नसली तर आत्या बांधायची. वाईट नव्हत्या त्या. या मुलीच्या हातचे कुंकू उद्या कोणी लावून घेणार नाही, हिला घर मिळणार नाही, अशी त्यांना भीती होती. मी उजव्या हाताने सांडत सांडत जेवायची. पाटीवर रेघ ओढायची तर रेघच थरथरायची. मग जत्रा आली. तो चित्रपट पाहता पाहता मी झोपले असेन, कारण घरी कशी आले ते आठवत नाही. सकाळी उठले तर हात सुटलेला होता. त्या दिवशी तो कोणी बांधला नाही, आणि पुन्हा कधीच बांधला नाही.”

“काकूंनी?”

“काकू दोन दिवस धुसफुसली. पण चिंधी काही पुन्हा निघाली नाही. मला वाटे, तिने सोडवला. पडद्यावरच्या तिने. लहान मूल असेच समजणार. मोठी झाल्यावर वाटू लागले की त्या सगळ्यांनी तिला पाहिले, शास्त्र्याच्या घरातली सून डाव्या हाताने दिवा लावते हे पाहिले, आणि त्यांची भीती गेली. एवढा मोठा चित्रपट होता तो माझ्यासाठी.” त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले. “ती उजवी असेल, सर, तर मग माझा हात कोणी सोडवला?”

“घरात कोणाला विचारले नाही?”

“विचारायचे सुचण्याआधीच एकेक माणूस गेले. आई तर मी आठ वर्षांची असतानाच.”

मी एवढेच म्हणालो, “उद्या नाही आलात तरी चालेल. मी मंडळाला काहीतरी सांगेन.”

“मी येणार,” त्या म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांनी पाहीन. हरायचे ते समोर बसून हरावे.”

रविवारी सभागृह भरले होते. पणाची बातमी गावात फिरली होती. वाचनालयाच्या त्या सभागृहाला पुढच्या बाजूला एक बुटका रंगमंच होता, आणि आमचा पडदा म्हणजे रंगमंचाच्या तोंडावर लाकडी चौकटीत ताणून बसवलेले पांढरे मांजरपाट. ते रतिभाईंच्या दुकानातले होते. पडद्याच्या मागे रंगमंचाची रिकामी जागा, आणि तिथून अंगणात उतरणारे एक दार. बाया आपल्या चपला त्या दाराशी काढीत.

लाटकरबाई पहिल्या रांगेत बसल्या. घोरपडे वकील त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले आणि एकदाच त्यांच्याकडे वळून म्हणाले, “बाई, मी तो पण ऐकलाच नाही, असे समजा.”

“मी बोलले आहे, वकीलसाहेब.”

दिवे गेले. चित्रपट सुरू झाला. त्याचे गुणदोष सांगण्याचे हे स्थळ नव्हे, पण काल रिकाम्या खोलीत पाहिलेला तो चित्रपट आज भरल्या सभागृहात वेगळाच वाटत होता. सून ओसरीवर आली तेव्हा मागून कोणीतरी कुजबुजले, “उजवा.” तीर्थाच्या प्रसंगाला पुन्हा कुजबुज झाली. बाईंची पाठ हलली नाही. पहिले रीळ संपले, रतिभाई दुसरे लावू लागले, तेवढ्या वेळात सभागृहात दिवा लागला. वकिलांनी खिशातून सुपारी काढली आणि न खाता परत ठेवली.

शेवटच्या रिळात पूर आला. वाऱ्याने एकेका घरातला दिवा विझत गेला. पडदा जवळजवळ काळा झाला, आणि त्या काळोखात सुनेने समई पेटवली. उजव्या हाताने. लाटकरबाई उठल्या. त्यांची सावली पडद्याच्या कडेवर पडून नाहीशी झाली. कोणाला अडथळा होऊ नये म्हणून वाकून, पदर सावरीत, त्या रंगमंचाच्या बाजूच्या पायऱ्या चढल्या आणि पडद्याच्या मागच्या दाराकडे गेल्या. चपला घालून त्या निघून जाणार हे सर्वांना कळले. वकिलांनी मान खाली घातली.

मी दार उघडल्याचा आवाज ऐकण्याची वाट पाहिली. आवाज आला नाही.

मी उठलो आणि त्यांच्या मागून गेलो. देवळात प्रदक्षिणा घालताना आपण मूर्तीच्या पाठीशी जातो, पण तिथे थांबत नाही. तिकडे पाहण्यासारखे काही नसते, असेच आपण धरून चालतो. पायऱ्या चढून मी पडद्याच्या मागे आलो आणि माझी पावले जागच्या जागी थांबली.

लाटकरबाई रंगमंचाच्या फळ्यांवर मांडी घालून बसल्या होत्या, मान वर करून, एखादे लहान मूल बसते तशा. त्यांच्यासमोर ते सारे चित्र कापडातून आरपार आले होते, पुढच्या बाजूइतकेच स्वच्छ. त्यातली नदी आता दुसऱ्या दिशेने वाहत होती. सुनेचा पदर उजव्या खांद्यावरून वाऱ्याने उडत होता. उजव्या हाताचा आडोसा धरून, डाव्या हातात समई घेऊन, ती पाण्याच्या दिशेने एक एक पायरी उतरत होती. आणि या बाजूला आणखी एक गोष्ट होती, ती पुढे बसलेल्या कोणालाच दिसत नव्हती. रतिभाईंच्या यंत्राचा झोत विरळ कापडातून थेट डोळ्यांत येत होता. पडद्याच्या मध्यावर तो एका स्थिर, पांढऱ्या ताऱ्यासारखा जळत होता, आणि ती स्त्री चालत चालत त्या ताऱ्यापाशी आली तेव्हा समईची ज्योत आणि तो तारा एक झाले.

मी पुष्कळ देवळे पाहिली आहेत. पुष्कळ काकडआरत्यांना उभा राहिलो आहे. पण मी नकळत हात जोडले, असे आयुष्यात फार थोड्या वेळा झाले, आणि त्यांतली ही एक.

“सर,” बाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “तंबूत आम्हाला इथे बसवले होते.”

मी त्यांच्याजवळ फळीवर बसलो.

“पुढे बापे बसायचे,” त्या म्हणाल्या. “बायका-पोरे पडद्याच्या मागे. गवतावर पोती टाकून. मी विसरले होते. तो तारादेखील विसरले होते. आत्ता दाराकडे जाताना वळून पाहिले, आणि ती तिथे होती.”

नाव काठाला लागली. चित्र संपले आणि पडद्यावर शेवटची अक्षरे आली. मागच्या बाजूने ती सगळी उलटी होती. बाई ती अक्षरे पाहत राहिल्या, अगदी ती विझेपर्यंत, आणि मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

सभागृहात दिवे लागले. आम्ही दोघे येत नाही असे पाहून घोरपडे वकील पायऱ्यांवर आले, त्यांच्यामागे रतिभाई. आम्हाला फळ्यांवर बसलेले पाहून वकील गोंधळले. मी त्यांना काय ते सांगितले. ते पडद्याच्या मागच्या बाजूकडे, मग पुढच्या बाजूकडे, असे दोनदा जाऊन आले. त्यांना कोणताही दस्त दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय पटत नसे.

“रतिभाई,” ते शेवटी म्हणाले, “दिव्याचे रीळ पुन्हा लावा.”

“सगळे?”

“तेवढेच. आम्ही इथून पाहणार.”

लोक एकेक करून पायऱ्या चढून वर आले. खुर्च्या कोणी आणल्या नाहीत. आमच्या मंडळातली प्रतिष्ठित माणसे, डॉक्टर, प्राध्यापक, त्यांच्या बायका, सगळी दाटीवाटीने धुळीच्या फळ्यांवर बसली. पुढे सभागृह रिकामे राहिले, तिथे फक्त रतिभाई आणि त्यांचे यंत्र. पूर आला, दिवे विझले, डाव्या हाताने समई लागली. त्या वेळी कोणीही कुजबुजले नाही. ज्योत आणि तारा एक झाले तेव्हा माझ्यामागे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी “अगाई” एवढेच म्हटले, तेही फार हळू.

रीळ संपले. रिकाम्या उजेडाने पांढरा झालेला पडदा आमच्यासमोर उभा राहिला. नेमाप्रमाणे आता धाकट्यांपासून मते यायची होती. धाकट्यांनी वकिलांकडे पाहिले. मग घोरपडे वकील बोलले.

“मला मत नाही. साक्ष सांगायची आहे. मी साताऱ्याला जे पाहिले ते खरे. बाईंनी म्हसवडला जे पाहिले ते खरे. मी त्यांना खोटे पाडले ते चुकलेच. आता बाईंनी बोलावे. आजचा चित्रपट त्यांचा.”

“मी माझा पण हरले आहे, वकीलसाहेब,” लाटकरबाई म्हणाल्या. “समोरून ती उजवीच आहे. ज्यांनी चित्रपट काढला त्यांनी ती उजवीच काढली. डावखुरी कोणी नव्हतीच.”

“तो पण समोरच्या बाजूचा होता,” वकील म्हणाले. “आपण सध्या समोर बसलेलो नाही.”

थोडे हसू उमटले. बाईही हसल्या, आणि मग गंभीर झाल्या. पडद्यावरचा पांढरा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. डावा हात मांडीवर उताणा होता.

“काल मी सरांना एक प्रश्न विचारला,” त्या सावकाश म्हणाल्या. “त्याचे उत्तर मला आत्ता ती उलटी अक्षरे पाहताना मिळाले. मला तेव्हा अक्षर येत नव्हते. आईला येत होते. आई चौथी शिकलेली होती.”

त्यांनी शेजारच्या फळीवर हात ठेवला.

“आई माझ्याजवळ बसली होती. इथे, या अंगाला. तिच्या भोवतीच्या बायका पडद्याकडे पाहून हसत होत्या. बघा ग, हिचा पदर कुठल्या खांद्यावर, असे म्हणत होत्या. त्यांना सगळ्यांना ठाऊक होते, आपण मागे बसलोय, आपल्याला उलटे दिसतेय. कळत नव्हते ते माझ्यासारख्या पोरांनाच. मी आईला विचारले, आई, ती बाई माझ्यासारखी आहे का ग?”

“आई काय म्हणाल्या?” वकिलांनी विचारले. त्यांचा आवाज न्यायालयातला नव्हता.

“आधी पडद्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितले. हो, म्हणाली, अगदी तुझ्यासारखी आहे. आणि अंधारात माझ्या कमरेची गाठ सोडायला लागली. गाठ काकूने मारलेली, फार घट्ट होती. बोटांनी सुटेना. मग आई खाली वाकली, आणि तिने ती दातांनी सोडली.”